ग्रंथ मोठा की रोगी? : इब्न सीना आणि त्याचे दख्खनी वारसदार



यवतमाळच्या उशाला असलेल्या या लोहाऱ्यात, कापसाच्या मुलखात, मी आज हजार वर्षांपूर्वीच्या एका फारसी हकिमाविषयी बोलायला उभा आहे. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या आणि हमदानच्या मातीत विसावलेल्या माणसाचं आपल्या वऱ्हाडाशी नातं काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही इथून उठू नये, अशी माझी इच्छा आहे.

त्या माणसाचं नाव अबू अली अल-हुसैन इब्न अब्दुल्ला इब्न सीना. युरोपानं त्याला अविसेना म्हटलं. युनानी हकीम त्याला आजही शेख-उर-रईस म्हणतात. जन्म इसवी सन ९८० च्या सुमाराचा, मृत्यू १०३७ चा. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या अडीचशे वर्षं आधी हा माणूस आपलं काम संपवून गेला होता.

मी तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला, त्याचं आयुष्य. दुसरा, त्याचा ग्रंथ आणि त्या ग्रंथातलं एक लहानसं प्रकरण. तिसरा, आपल्या दख्खनमध्ये त्याचा खरा वारसा कुणी चालवला. या तिन्हींच्या मुळाशी माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. मोठ्या गुरूचा वारसा त्याचे शब्द पाठ करणाऱ्याकडे जात नाही. तो त्याचे शब्द तपासून पाहणाऱ्याकडे जातो.

पहिला मुद्दा घेऊ.

इब्न सीनाचे वडील बल्खचे. सामानी राजवटीत बुखाऱ्याजवळच्या एका गावाचा कारभार त्यांच्याकडे होता. आई सितारा ही शेजारच्याच अफशाना गावची. मुलगा दहा वर्षांचा होईतो कुराण मुखोद्गत झालं होतं. पुढं काय शिकवायचं? वडिलांनी त्याला हिशेब शिकायला कुणाकडे पाठवलं असेल? एका भाजीविक्याकडे! का, तर त्या भाजीविक्याला हिंदी हिशेब येत होता. म्हणजे आपल्या देशातून गेलेले अंक आणि त्यांवरची गणितं. हे त्यानं स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगून ठेवलं आहे. विचार करा, जगातला एवढा मोठा पंडित, आणि त्याची आकडेमोड सुरू झाली ती भारतीय पद्धतीनं, भाजीच्या दुकानात. ज्ञान केवळ राजवाड्यातून फिरतं असं आपण समजतो. ते बाजारातूनही फिरतं, आणि बरेचदा तिथूनच जास्त फिरतं.

पुढं तर्कशास्त्र झालं, युक्लिडची भूमिती झाली, टॉलेमीचं खगोलशास्त्र झालं. मग वैद्यक. वैद्यक काही फार अवघड शास्त्र नव्हे, असं तो म्हणतो. सोळाव्या वर्षी मोठमोठे वैद्य त्याच्यापाशी ग्रंथ वाचायला बसत. पण त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि ती मला फार मोलाची वाटते. पुस्तकं वाचून झाल्यावर त्यानं रोगी तपासायला घेतले, आणि तेव्हा अनुभवातून येणाऱ्या उपचारांची अशी दारं उघडली की त्यांचं वर्णन करता येत नाही, असं तो सांगतो. बघा, सोळा वर्षांच्या पोराला कळलं की पुस्तक संपतं तिथं रोगी सुरू होतो.

या बुद्धिमान पोराचीही एका ठिकाणी गाडी अडली. अॅरिस्टॉटलचं तत्त्वमीमांसेवरचं पुस्तक त्यानं चाळीस वेळा वाचलं. पाठ झालं, पण समजलं नाही. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात एका दलालानं त्याच्यापुढं एक पोथी धरली. यानं झिडकारलं. दलाल म्हणाला, घ्या, मालकाला पैशाची गरज आहे, तीन दिरहमांत देतो. घेतली. ती निघाली तत्त्वज्ञ फाराबीनं त्याच ग्रंथावर लिहिलेली पुस्तिका. घरी जाऊन वाचली आणि सगळा ग्रंथ उलगडला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोरगरिबांना दानधर्म केला. एक गोष्ट समजली म्हणून दान! परीक्षेत पास झाल्यावर पेढे वाटणारे आपण पाहतो. समजलं म्हणून दान करणारा विद्यार्थी मी दुसरा ऐकलेला नाही.

बुखाऱ्याचा राजा नूह इब्न मन्सूर आजारी पडला. दरबारच्या वैद्यांनी या तरुणाला बोलावून घेतलं. राजा बरा झाला, आणि बक्षीस म्हणून यानं काय मिळवलं? राजाच्या ग्रंथालयात बसायची परवानगी. खोल्याच खोल्या, प्रत्येक खोलीत एकेका विषयाच्या ग्रंथांच्या पेट्या. अठराव्या वर्षापर्यंत त्यानं तिथलं ज्ञान रिचवलं. पण लवकरच सामानी राज्य कोसळलं, वडील गेले, आणि मग सुरू झाली ती आयुष्यभराची वणवण. गुरगंज, नसा, तूस, जुर्जान, रय, हमदान, इस्फहान. एका सरदाराचा आश्रय गेला की दुसऱ्याचा शोध.

हमदानच्या शम्स-उद-दौलाला पोटशुळाचा त्रास होता. त्याला बरं केलं, तर त्यानं याला वजीरच केलं. सैन्य बिथरलं, त्याचं घर लुटलं, जीवावर उठलं. चाळीस दिवस तो एकाच्या घरात लपून राहिला. एवढ्यात राजाचं पोट पुन्हा दुखू लागलं आणि वजिराला पुन्हा मानानं बोलावणं आलं. दिवसा राज्यकारभार, रात्री शिष्य. एकानं एका ग्रंथाचा भाग वाचायचा, दुसऱ्यानं दुसऱ्याचा, आणि गुरूनं समजावून सांगायचं. राजा वारल्यावर पुन्हा लपणं आलं, ते एका औषधविक्याच्या घरी. हाताशी एकही संदर्भग्रंथ नाही. आधी सगळी प्रकरणं नुसत्या आठवणीनं कागदावर मांडली आणि मग दिवसाला पन्नास पानं या वेगानं लिहीत सुटला. पुढं फर्दजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली. तिथंही लेखन थांबलं नाही. शेवटी फकिराच्या वेशात हमदानमधून निसटला आणि इस्फहानला पोचला.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते त्याच्या जूझजानी नावाच्या शिष्यामुळे. पंचवीस वर्षं तो सावलीसारखा बरोबर राहिला. अर्धं चरित्र गुरूनं सांगितलं, उरलेलं यानं लिहिलं. आणि या शिष्यानं गुरूचा मृत्यूही झाकून ठेवला नाही. इब्न सीनाला स्वतःलाच पोटशूळ जडला. उपचार करणाऱ्या एकानं बस्तीत अजमोदाचं बी सांगितलं त्याच्या कितीतरी पट घातलं. नोकरानं औषधात अफू जास्त टाकली. शरीर खचत गेलं आणि १०३७ मध्ये हमदानला त्याचा अंत झाला. औषधाच्या मात्रेवर जन्मभर लिहिणारा माणूस मात्रा चुकल्यानं आणखी खचला. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मला पुन्हा यायचं आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात.

आता दुसरा मुद्दा, त्याचा ग्रंथ.

त्याचे दोन ग्रंथ फार मोठे. एक 'किताब-उश-शिफा'. नावावरून वैद्यकाचा वाटतो, पण आहे तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान, गणित आणि तत्त्वज्ञान यांचा. त्याच्या तत्त्वज्ञानातला एकच विचार सांगतो. समजा एखादा माणूस एकदम पूर्ण वाढलेला जन्माला आला. डोळे झाकलेले, पोकळीत तरंगतोय, हाताला हात लागत नाही, वाऱ्याचाही स्पर्श नाही. त्याला आपलं शरीर आहे हे कळणार नाही. मग आपण आहोत, हे तरी त्याला कळेल का? इब्न सीना म्हणतो, कळेल. 'मी आहे' ही जाणीव शरीराच्या साक्षीवर अवलंबून नाही. 'कोऽहम्' हा प्रश्न ज्या मातीत मुलांनाही परका नाही, त्या मातीत हा विचार समजवायला फार शब्द लागत नाहीत. त्याच्या तत्त्वज्ञानावर इमाम गझालीनं कठोर टीका केली, थॉमस अक्वायनस त्याच्याशी वाद घालत घालत शिकला, आणि कवी दांतेनं त्याला आपल्या महाकाव्यात पुण्यवान ज्ञात्यांच्या मेळ्यात बसवलं.

दुसरा ग्रंथ म्हणजे 'अल-कानून फित्-तिब्ब'. वैद्यकाचा कानून. पाच भाग. पहिल्यात मूळ सिद्धान्त. याच भागाला 'कुल्लियात' म्हणतात. दुसऱ्यात साडेसातशेच्या आसपास एकेरी औषधं. तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग. चौथ्यात ताप, सूज, हाडं मोडणं, विषबाधा, म्हणजे सगळ्या अंगाला व्यापणारे आजार. पाचव्यात मिश्र औषधं. बाराव्या शतकात तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्डनं त्याचं लॅटिन भाषांतर केलं. १४७३ मध्ये मिलानला ते छापलं गेलं आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत शिकवलं जात होतं. आपलं येणंजाणंही या ग्रंथात आहे. हिरडा आहे, बिब्बा आहे. जळवांच्या प्रकरणात कोणत्या जळवा विषारी, याबाबत तो भारतीयांचा हवाला देतो. युनानी औषधांच्या दुकानात आज 'इत्रिफल' मिळतं, त्यातले हिरडा, बेहडा आणि आवळा म्हणजे आपला त्रिफळाच.

या अवाढव्य ग्रंथातलं एक लहान प्रकरण मी तुमच्यासाठी निवडलं आहे. प्रश्न असा, की एखादं औषध गुणकारी आहे हे ठरवायचं कसं? इब्न सीना सात अटी घालतो. त्या मी माझ्या शब्दांत सांगतो.

एक, औषध मूळ स्वरूपात हवं; बाहेरून आलेली उष्णता किंवा गारवा त्याला चिकटलेला नको. दोन, ज्या रोग्यावर बघायचं त्याला एकच रोग हवा. दोनतीन रोग एकत्र असतील तर गुण कशाला आला हे कळणार नाही. तीन, परस्परविरुद्ध प्रकृतीच्या रोगांवर ते बघा. दोन्हींवर चाललं तर एकावरचा गुण योगायोगाचा असू शकतो. चार, औषधाचा जोर रोगाच्या जोराइतका हवा. म्हणून कमी मात्रेनं सुरुवात करा आणि पायरीपायरीनं वाढवा. पाच, गुण कधी आला ती वेळ बघा; लगेच आला की फार नंतर? सहा, तो गुण नेहमी किंवा बहुतेक वेळा यायला हवा. एकदा आला तो योगायोग. सात, परीक्षा माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे. सिंहावर किंवा घोड्यावर जे घडलं ते माणसावर घडेलच असं नाही.

मंडळी, हजार वर्षं झाली. आणि आजही 'माझ्या मेव्हण्याला याच काढ्यानं बरं वाटलं' एवढ्यावर आपण औषध घेतो की नाही? व्हॉट्सॲपवर आलेला उपाय पुढं ढकलण्याआधी सहावी अट आपल्याला आठवते का? औषधाची परीक्षा शिस्तीनं घ्यायची असते, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारी माणसं इतिहासात फार थोडी आहेत.

मग इब्न सीनाचं सगळंच बरोबर होतं का? नाही. शरीरात चार दोष असतात आणि त्यांचा तोल बिघडला की रोग होतो, हा ग्रीकांचा सिद्धान्त त्यानं मान्य केला. आजचं विज्ञान तो मानत नाही. हृदयातल्या रक्ताच्या मार्गाबद्दल त्यानं ग्रीक वैद्य गॅलेनचं मत उचललं, तेही चूक. ही दुसरी चूक दाखवली कुणी? त्याच्याच परंपरेतल्या इब्न नफीसनं. कानूनमधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना १२४२ मध्ये त्यानं सांगितलं की हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रं नाहीत, रक्त उजवीकडून फुप्फुसात जातं आणि तिथून डावीकडे येतं. भाष्य गुरूच्या ग्रंथावर, आणि त्यातच गुरूची चूक दुरुस्त. याला मी वारसा म्हणतो.

जूझजानीनं लिहिलेली एक गोष्ट सांगतो आणि हा मुद्दा संपवतो. इब्न सीनाकडे स्वतः केलेल्या उपचारांच्या नोंदी होत्या. ख्वारझममधल्या क्षयाच्या एका बाईला त्यानं बाकी सगळी औषधं बंद करून फक्त साखरेतला गुलकंद खायला सांगितला. ती बरी झाली, असं शिष्य सांगतो. गुलकंदानं क्षय बरा होत नाही, हे आज आपल्याला पक्कं माहीत आहे. पण मुद्दा गुलकंदाचा नाही. मुद्दा असा की हा माणूस काय दिलं आणि काय झालं हे लिहून ठेवत होता, आणि त्या नोंदी कानूनमध्ये घालायचा त्याचा बेत होता. ग्रंथ पुरा व्हायच्या आधी ती पानं हरवली. म्हणजे जगानं सहाशे वर्षं जो ग्रंथ डोक्यावर घेतला, त्यात कर्त्याच्या स्वतःच्या प्रयोगांची पानं नाहीत. ती पानं कोरीच राहिली. कुणी भरायची?

इथून माझा तिसरा मुद्दा सुरू होतो, आणि इथून आपण घरी येतो.

चौल आणि दाभोळच्या बंदरांत इराणकडून घोडे उतरत, आणि त्याच गलबतांतून विद्वान, कवी, हकीमही उतरत. बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमद यानं पंधराव्या शतकात बीदरला मोठा दवाखाना बांधला. त्यात मुसलमान हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. एकाच छपराखाली! पुढं अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी रुस्तम जुर्जानी नावाचा हकीम होता. त्यानं 'झखीरा-ए-निजामशाही' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला. शीराझचा फत्हुल्ला हा तत्त्वज्ञ आदिलशहाच्या बोलावण्यावरून विजापूरला आला आणि तिथून १५८३ मध्ये अकबराकडे गेला. उत्तर हिंदुस्थानातल्या मदरशांत तर्क आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास वाढला त्याचं मोठं श्रेय त्याला देतात. आणि आपलं वऱ्हाड? अचलपूरची इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीत गेली. अहमदनगरच्या दरबारात जी विद्या नांदत होती, ती आपल्या राज्यकर्त्यांची विद्या झाली. हे झालं नातं.

पण नुसती विद्या आली म्हणजे वारसा आला असं होत नाही. मी तीन माणसं तुमच्यापुढं उभी करतो.

पहिला गार्सिया द ऑर्टा. पोर्तुगीज वैद्य. घराणं मूळचं ज्यू, जबरदस्तीनं ख्रिस्ती झालेलं. सालामांकाला शिकला, तिथल्या अभ्यासात अविसेना हा मुख्य ग्रंथकार. १५३४ मध्ये गोव्याला आला आणि इथंच राहिला. अहमदनगरला जाऊन बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायचा, तिथल्या हकिमांशी बोलायचा. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं, भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे संवाद. त्यात दोन माणसं बोलतात. एक ऑर्टा स्वतः, दुसरा रुआनो नावाचा नुकताच आलेला पंडित. रुआनो सारखा जुन्या ग्रंथांचा दाखला देतो. ऑर्टा काय करतो? अंतोनिया नावाच्या मोलकरणीला हाक मारतो आणि ती झाडाची फांदी, फळ, मूळ आणून समोर ठेवते. वाचलेलं एका बाजूला, आणि हातात धरलेलं दुसऱ्या बाजूला. अविसेनाबद्दल त्याला आदर आहे, पण जिथं झाड वेगळं सांगतं तिथं तो झाडाचं ऐकतो. पटकीचं, त्या काळी इकडं मोडशी म्हणत त्या रोगाचं, त्यानं स्वतः पाहून केलेलं वर्णन युरोपियनांनी केलेल्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक आहे. अशा माणसाच्या वाट्याला काय आलं? तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. हाडं जळाली, पुस्तक राहिलं.

दुसरा फिरिश्ता. इतिहासकार म्हणून आपल्याला तो ठाऊक आहे. मूळ अस्त्राबादचा. लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, १५८९ मध्ये विजापूरला इब्राहीम आदिलशहाकडे गेला. पण तो वैद्यकाचाही जाणकार होता, हे थोड्यांना माहीत असतं. अस्त्राबाद म्हणजे जुर्जानचाच मुलूख, आणि जुर्जानलाच इब्न सीनानं कानून लिहायला घेतला होता. त्या भूमीतला हा माणूस इथं आला आणि त्यानं काय केलं? आपल्या वैद्यांकडे जाऊन बसला. त्यांचं शास्त्र शिकला आणि 'दस्तूर-उल-अतिब्बा' या नावानं फारसीत लिहून काढलं. त्यात वात, पित्त, कफ आले, इथली औषधं आली, इथलं हवापाणी आलं. त्याचा विचार सरळ होता. देश बदलला, हवा बदलली, झाडपाला बदलला, मग उपचार तेच कसे राहतील? हवा, अन्नपाणी, झोप, श्रम, मलमूत्राचा निचरा आणि मनाची अवस्था या सहा गोष्टींवर आरोग्य अवलंबून आहे, हे तर कानूनच शिकवतो. म्हणजे दुसऱ्यांचं शास्त्र शिकायला गेलेला फिरिश्ता गुरूपासून दूर गेला नाही. तो गुरूच्या म्हणण्याच्या अधिक जवळ गेला.

तिसरा माणूस विसाव्या शतकातला, मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील, हृदयरोगतज्ज्ञ. पारशी, म्हणजे ज्यांचे पूर्वज इराणातून आले त्यांच्यातले. सर्पगंधा ही आपल्या जंगलातली वनस्पती. वैद्य आणि हकीम दोघंही पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत होते. हकीम अजमल खान यांनी तिच्यावर रसायनशास्त्रज्ञांकडून संशोधन व्हावं म्हणून पुढाकार घेतला. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये तिच्यातून काढलेल्या एका द्रव्याला अजमल खानांचंच नाव दिलं. पुढं डॉ. वकिलांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात रक्तदाबाच्या रोग्यांवर तिची पद्धतशीर परीक्षा घेतली. ५० रोग्यांची निरीक्षणं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये १९४९ साली प्रसिद्ध झाली, आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आता त्या सात अटी आठवा. एक औषध, एक आजार, ठरलेली मात्रा, ठरावीक कालावधी, बहुतेकांमध्ये दिसलेला परिणाम, आणि परीक्षा माणसावर. डॉ. वकिलांनी ते प्रकरण समोर ठेवलं होतं असं मी म्हणत नाही. त्याची गरजही नव्हती. खरी पद्धत एकदा जगात आली की ती कुणा एकाची राहत नाही.

या तिघांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, काळ वेगळा. एक ज्यू घराण्यातला, एक मुसलमान, एक पारशी. पण तिघांनी केलं एकच. ग्रंथाला नमस्कार केला आणि मग रोग्याकडे वळले. हरवलेली पानं भरली ती अशा माणसांनी. आज आपल्या राज्यात पुण्याला, मालेगावला, मुंबईला युनानी महाविद्यालयं आहेत आणि तिथं कुल्लियात हा विषय म्हणून शिकवतात. तिथल्या मुलामुलींना माझं हेच सांगणं आहे. इब्न सीना पाठ करा, जरूर करा. पण ते सात नियमांचं प्रकरण इब्न सीनाच्याच औषधांना लावून बघा. त्याला त्याचा राग आला नसता.

आता मघाशी राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. मात्रा.

२०१७ चा पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस या सभागृहात कुणाला आठवत नाहीत? पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. उकाडा. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. कीड आटोक्यात येईना म्हणून दोनतीन औषधं एकत्र कालवून फवारलेली. या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. बहुतेक हातावर पोट असलेले. रोजानं फवारणीला गेलेल्या माणसाला डब्यात काय आहे हे कुणी सांगितलं होतं? डब्यावरचा मजकूर त्याला वाचता येईल असा होता का? आणि जेव्हा तो दवाखान्यात पोचला, तेव्हा अंगात नेमकं कोणतं विष गेलंय हेच सांगता येत नसेल, तर डॉक्टरनं उतारा कशावर द्यायचा?

औषध मूळ स्वरूपात, मात्रा कमीपासून, परिणामावर नजर. हे नियम रोग्याच्या औषधासाठी लिहिले गेले. पण शेतातल्या औषधालाही ते जसेच्या तसे लागू पडतात, कारण दोन्हीकडे शेवटी माणसाचं शरीर आहे. इब्न सीनाचा शेवट दोन माणसांनी मोजमाप न पाळल्यानं लवकर ओढवला. आपली माणसं गेली ती विक्रीपासून फवारणीपर्यंतच्या सगळ्या साखळीत मोजमाप कुणाचंच काम नसल्यामुळे. ज्ञान नव्हतं असं नाही. ज्ञान होतं, ते बांधापर्यंत पोचलं नव्हतं. जे ज्ञान बांधापर्यंत पोचत नाही ते कितीही मोठ्या ग्रंथात असो, त्या मजुराच्या दृष्टीनं ते नाहीच.

म्हणून जाता जाता थोडक्यात गोळाबेरीज करतो आणि तीन विनंत्या करतो.

इब्न सीनाच्या आयुष्यानं सांगितलं की ज्ञान बाजारातून, बंदरातून, कैदखान्यातूनही वाट काढतं. त्याच्या ग्रंथानं सांगितलं की औषध तपासून घ्यायचं असतं. आणि दख्खननं सांगितलं की खरा शिष्य गुरूलाही तपासतो.

पहिली विनंती. कोणताही उपाय, मग तो पाच हजार वर्षांच्या परंपरेच्या नावानं येवो की परदेशी कंपनीच्या नावानं, त्याला तेच प्रश्न विचारा. कुणावर बघितलं? किती जणांवर? कोणत्या मात्रेत? गुण बहुतेकांना आला की एखाद्यालाच? प्रश्न विचारणं म्हणजे अपमान नव्हे. उत्तर देता येत नसेल तर ती बाटली परत ठेवा.

दुसरी विनंती. लिहून ठेवा. फवारणीच्या आधी डब्याचं नाव, तारीख, मात्रा, फवारणाऱ्याचं नाव एका वहीत लिहा, आणि कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढं अंधारी जाणवली तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. ती वही आणि तो डबा बरोबर न्या. गावच्या शाळेतली आठवी-नववीची मुलं हे काम आनंदानं करतील. आशाताईंना त्याची मदत होईल, डॉक्टरांना तर होईलच.

तिसरी विनंती तरुणांना. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी वैद्य, कुणी हकीम, कुणी कृषिसेवक. आपापल्या शास्त्राचा अभिमान बाळगा, पण बीदरच्या त्या दवाखान्यासारखं दुसऱ्याच्या शास्त्रालाही शेजारी बसू द्या. एकमेकांचं खरंखोटं रोग्याच्या खाटेपाशी ठरू द्या, वादाच्या व्यासपीठावर नको.

ग्रंथ मोठा की रोगी, असा प्रश्न मी या व्याख्यानाला नाव म्हणून दिला. माझं उत्तर तुम्हाला केव्हाच कळलं असेल. रोगी मोठा. आणि ज्या ग्रंथकर्त्याला हे मान्य होतं, त्याचाच ग्रंथ हजार वर्षं टिकला. आपल्या जिल्ह्यानं त्याची कोरी राहिलेली पानं लिहायला घ्यावीत. फवारणीच्या वहीपासून सुरुवात केली तरी ती चांगली सुरुवात होईल.